मधूनच सुरू होणारा सिनेमा

गेल्या जूनमध्ये आम्ही तिघं मित्र ठाण्यात भाड्याचं घर शोधत होतो. तिघंही कल्याण-डोंबिवलीचे, तिघांचीही ऑफिसं ठाण्याच्या आसपास, आणि तिघंही सकाळच्या फास्ट लोकलला कंटाळलेले. दोन शनिवार-रविवारांत घोडबंदर रोडला आणि वागळे इस्टेटच्या बाजूला मिळून नऊ फ्लॅट पाहिले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, "फॅमिली की बॅचलर?" पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, वर एक महिन्याचं जास्तीचं डिपॉझिट, कशाचाही उपयोग होईना. एका सोसायटीचे सेक्रेटरी त्यातल्या त्यात मऊ होते. म्हणाले, "तुमच्यापैकी एकाचं लग्न ठरलं असेल तर सांगा, कमिटीत बोलून बघतो."

परत येताना रिक्षात कुणीच बोलत नव्हतं. मग एक मित्र म्हणाला, "कुणीतरी एकाने साडी नेसायला हवी." आम्ही हसायच्या आधी रिक्षावाले काका हसले. सिनेमाचं नाव घ्यायची गरजच पडली नाही.

'अशी ही बनवाबनवी' २३ सप्टेंबर १९८८ ला प्रदर्शित झाला. तेव्हा आमच्यापैकी कुणाचाही जन्म झालेला नव्हता. आम्ही तिघांनीही तो थिएटरात पाहिलेला नाही, त्याच्यासाठी एक रुपयासुद्धा मोजलेला नाही. तरी तो आम्हाला पाठ आहे. किती वेळा पाहिला, असं विचारलंत तर आकडा सांगता येणार नाही, कारण आम्ही तो 'पाहायला बसलो' असं क्वचितच झालं. तो लागलेला असायचा. जेवताना, अभ्यास टाळताना, पाहुणे आलेले असताना. घर शोधण्याच्या त्या महिन्यात मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हा सिनेमा आमच्या घरात इतकी वर्षं लागलेला राहिला कसा?

आवडला म्हणून पुन्हा पाहिला, असं आपण म्हणतो. म्हणजे आवड आधी आणि पुन्हा पाहणं नंतर. मागे वळून बघितलं तर बऱ्याचदा हा क्रम उलटा निघतो.

तसा मराठी माणूस ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला कधीच कंटाळलेला नाही. कीर्तनातलं आख्यान सगळ्यांना माहीत असतं, दशावतारात शेवटी कोण मरणार हेही माहीत असतं, तरी रात्र रात्र लोक बसतात. १९३६ साली प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आला तेव्हा लोक त्याच सवयीने त्याच्यासमोर बसले. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. मग १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. हा पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं. पुण्यातली माणसं एकेकदाच येऊन गेली असती तर इतके खेळ भरले असतील असं मला तरी वाटत नाही. हिंदीतली उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत, 'शोले'ची मिनर्व्हातली पाच वर्षं आणि १९९५ पासून मराठा मंदिरमध्ये ठाण मांडून बसलेला 'दिलवाले दुल्हनिया'.

पण थिएटरात पुन्हा बघायचं तर पुन्हा तिकीट काढावं लागतं, आणि मुळात सिनेमा थिएटरात असावा लागतो. ही दुसरी अट मराठी सिनेमाला नेहमी जड गेली. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरने जागा द्यायला नकार दिला. तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लागायचा होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरसमोर उभे राहिले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे दादांच्या सिनेमांच्या ओळीने नऊ रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली, तिची ही सुरुवात. त्या नऊ सिनेमांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरायला होते. पहिला सिनेमा लोकांना पुन्हा बघता आला, तो आधी कुणीतरी रस्त्यावर उतरून त्याला जागा मिळवून दिली म्हणून. त्या मार्गाबद्दल तुमचं मत काहीही असो. दरवर्षी मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमाला शो मिळत नाही यावरून जे वाद होतात, ते मला या कोहिनूरच्या गोष्टीची पुनरावृत्ती वाटतात.

'सोंगाड्या' लिहिला होता वसंत सबनीसांनी. आणि 'बनवाबनवी'सुद्धा वसंत सबनीसांनीच. मला हे बरंच उशिरा कळलं. श्रेयनामावली वाचायची सवय आमच्या पिढीला नाही आणि टीव्हीवर ती कापलेलीच असायची. पण कळल्यावर पुष्कळ गोष्टी जागेवर बसल्या.

सबनीस मूळचे वगनाट्याचे लेखक. त्यांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ पासून दादा कोंडक्यांनी रंगमंचावर गाजवलं. त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. आशा भोसल्यांनी ते पाहून भालजी पेंढारकरांना दादांचं नाव सुचवलं आणि त्यातून दादा १९६९ च्या 'तांबडी माती'त आले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्या वगनाट्यात बतावणी असते. कालची बातमी, समोर बसलेला पुढारी, त्या गावचा खड्डा, सगळं संवादात येतं. म्हणून तेच नाटक पुन्हा बघताना काहीतरी नवं मिळतं. सिनेमात हे शक्य नाही. फिल्मवर एकदा उमटलं की उमटलं. मग बतावणीत मुरलेला माणूस सिनेमा लिहिताना काय करतो?

एका रविवारी मी 'बनवाबनवी' लॅपटॉपवर लावला आणि प्रत्येक प्रसंगापुढे एकच नोंद केली, की हा प्रसंग ज्याने आधीचं काहीच पाहिलेलं नाही त्याला कळेल का? सॉफ्टवेअरवाल्याचे रिकामे उद्योग म्हणा. पण नोंदींमध्ये 'हो' इतक्या वेळा आलं की मी मध्येच ती यादी सोडून दिली. गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. धनंजय माने पुण्यात विश्वास सरपोतदारांकडे भाड्याने राहतोय. भाऊ शंतनू आणि परशुराम-सुधीर ही दोस्तमंडळी येऊन टेकतात आणि सरपोतदार जागा सोडायला सांगतात. लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांना. मग परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते. त्यानंतर सिनेमाभर एकच घडतं. दारात कुणीतरी येतं आणि त्या माणसाला खोटं सांगावं लागतं. दर वेळी नव्या माणसाला ते खोटं पहिल्यापासून समजावायला लागतं, त्यामुळे जो प्रेक्षक आत्ताच चॅनल बदलून आलाय त्यालाही ते आपोआप समजतं. सत्तर रुपयांचा हिशेब घ्या, लिंबू रंगाची साडी घ्या, प्रत्येक प्रसंगाला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट आहे. वगातली बतावणी जशी कुठल्याही रात्री, कुठल्याही गावात उचलून ठेवता येते, तसे हे तुकडे कुठूनही उचलता येतात. सबनीसांनी ते चॅनल बदलणाऱ्यांसाठी लिहिलेले नव्हते, १९८८ साली आपल्याकडे बदलायला चॅनल होते कुठे. तरीही पुढे तेच कामाला आलं.

तुलनेला एक सोय आहे. ही गोष्ट मुळात उसनी. बंगालीतून ती हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये आली, १९६६ साली. मेहमूद, विश्वजीत, गाणी गुलजारांची, संगीत हेमंतकुमारांचं. नावं पाहिली तर सिनेमा अमर व्हायला हवा होता. पण तो तेव्हा चालला नाही आणि आज कुणाच्या तोंडी त्याचं एक वाक्यही नाही. तशीच पोरं, तीच घराची अडचण, तेच वेषांतर. मी तो पाहिला. वाईट नाही. पण तो सुरुवातीपासून बघावा लागतो, आणि बघायला मिळतोय कुठे?

यावर एक अमेरिकन उदाहरण आठवतं. फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ साली आला आणि खर्चही भरून न काढता गेला. १९७४ साली त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. कुणाच्या तरी टेबलावरचा एक कागद वेळेत पुढे सरकला नाही, एवढंच. अमेरिकेतल्या टीव्ही स्टेशनांना फुकटात सिनेमा मिळाला. त्यांनी तो दर नाताळात लावला, दिवसातून अनेकदा लावला, आणि पंधरा-वीस वर्षांत तो अख्ख्या देशाचा लाडका सिनेमा झाला. लोकांनी तो आवडला म्हणून लावून घेतला नव्हता. लागत राहिला म्हणून आवडायला लागला. त्याचा नायक लोकांना घर बांधायला कर्ज देणारी एक छोटी संस्था चालवतो आणि गावातल्या लोभी घरमालकाशी भांडतो, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

आपल्याकडे तो लागत राहिला केबलमुळे. त्याआधी मुंबई दूरदर्शन होतं, १९७२ पासून, पण तिथे आठवड्याला एक मराठी सिनेमा. तोच सिनेमा परत कधी दिसेल ते दिल्ली-वरळीतल्या कुणाच्या मर्जीवर. नव्वदच्या दशकात केबल आली, १९९९ ला अल्फा मराठी, २००० ला ईटीव्ही मराठी, २००७ ला फक्त सिनेमांसाठीच झी टॉकीज. दिवसाचे चोवीस तास भरायचे आणि हाताशी सिनेमे मोजके, त्यामुळे तेच ते फिरत राहिले. हिंदीत 'सूर्यवंशम'चं जे झालं त्यावर अख्ख्या देशाने विनोद केले. मराठीत तेच 'बनवाबनवी'चं झालं, पण त्यावर कुणी वैतागलेलं मला आठवत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरी आणखी एक भर होती. केबलवाल्याचा स्वतःचा चॅनल. गल्लीतल्या एका खोलीत बसून तो सीडी लावायचा आणि त्या तीन-चार बिल्डिंगांतल्या सगळ्या घरांत तो सिनेमा दिसायचा. खाली पट्टी फिरायची, क्लासेसच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा. गणपतीत, मे महिन्यात, कुणाच्या घरी पूजा असली की, 'बनवाबनवी' ठरलेला. आणि मग लोडशेडिंग. २००५ नंतरची ती तीन-चार वर्षं ज्यांनी ठाणे जिल्ह्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाला काही तास लाइट जाणारच. सुट्टीत दुपारी सिनेमा रंगात आला की पंखा मंदावायचा, टीव्हीचा पडदा मध्यावर एका पांढऱ्या ठिपक्यात गोळा होऊन विझायचा आणि अख्ख्या बिल्डिंगमधून एकदम "अरेऽऽ" उठायचं. लाइट येईपर्यंत सिनेमा पुढे गेलेला किंवा संपलेला. मी त्या सिनेमाचा पूर्वार्ध किती वेळा पाहिलाय याला गणती नाही. त्याचा शेवट सलग, धड असा मी पहिल्यांदा पाहिला तो बारावीनंतरच्या सुट्टीत. त्यातलं कोर्टकचेरी होणार की नाही, कोण कुणाला माफ करणार, यातलं काही मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं आणि कधी अडलंही नव्हतं.

हे लिहिताना लक्षात येतंय की मी सगळं श्रेय सबनीस आणि महावितरण यांच्यात वाटून टाकलं. अशोक सराफांचं काय, लक्ष्मीकांत बेर्ड्यांचं काय? बरोबर आहे. पण त्यांच्याबद्दल लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला फक्त एवढं सांगायचंय की लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आणि त्या रात्री केबलवाल्याने हाच सिनेमा लावला होता. शंतनू झालेले सिद्धार्थ रे त्याच वर्षी गेले होते, सरपोतदार झालेले सुधीर जोशी पुढच्या वर्षी गेले. आमच्याकडे मात्र ते तिघं जिवंतच होते, दर पंधरा दिवसांनी.

आता बाबांची गोष्ट. आमच्या घरी सिनेमा लागला की बाबा हसायचे, मोठ्याने हसायचे. फक्त सरपोतदारांचा जागा सोडायला सांगण्याचा भाग आला की ते उठून गॅलरीत जायचे किंवा पेपर उचलायचे. मला वाटायचं, सतरा वेळा बघून कंटाळा आला असेल. जूनमध्ये नववा फ्लॅट हातचा गेल्यावर मी घरी गेलो आणि सहज त्यांना विचारलं, "तुम्ही हा पहिल्यांदा कुठे पाहिला होता?"

थिएटरचं नाव त्यांना आठवेना. १९८८ च्या दिवाळीच्या आसपास पाहिला, एवढं नक्की. तेव्हा ते बावीस वर्षांचे, नुकते नोकरीला लागलेले, लालबागला चुलत्यांच्या खोलीत राहत होते. दहा बाय बाराची खोली, घरची सात माणसं आणि आठवे हे. रात्री झोपायला बाहेरची गॅलरी. गिरणी संपाला सहा वर्षं झाली होती, चुलत्यांची नोकरी त्यात गेलेली, आणि भाडं न देणारा एक पुतण्या घरात आहे हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी कळायचं. बाबा म्हणाले, "एका आठवड्यात तीनदा गेलो मी त्या पिक्चरला. पहिल्यांदा हसायला गेलो."

"आणि नंतर?"

"नंतर काय, तीन तास पंखा, आणि खुर्ची आपल्या नावाची. कुणी उठ म्हणणार नाही."

मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली आणि नव्या माणसाला भाड्याने घर द्यायला कुणी तयार होईना. ज्याच्याकडे पागडीचे पैसे तो राहिला, बाकीचे रुळांच्या कडेकडेने पुढे सरकत गेले. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण. ठाण्याची महापालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. म्हणजे सिनेमा आला तेव्हा आमची महापालिका जेमतेम पाच वर्षांची होती. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. त्यातला मोठा भाग कुठल्या तरी खोलीतून, कुठल्या तरी चुलत्याकडून, कुठल्या तरी सरपोतदारांकडून उठून आलेला. बाबांनी १९९४ साली डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं. पाण्याची बोंब, रस्ता नाही, स्टेशनपासून अर्ध्या तासाची पायपीट. पण दार आतून लावता यायचं.

सिनेमा पुण्यात घडतो हे खरं. तरी तो पुण्यापेक्षा आमच्या भागात जास्त पाठ असावा, असा माझा संशय आहे. पुणेकर मित्र यावर भांडतील. भांडोत.

आई हे सगळं भाजी निवडत ऐकत होती. तिला सिनेमा आवडतो, पण पार्वतीच्या दिवस जाण्याचे विनोद सुरू झाले की ती स्वयंपाकघरात जाते, हेही मी इतकी वर्षं पाहिलेलं. आज तिने कारण सांगितलं. "बायको असल्याशिवाय घर मिळत नाही हे त्यांना कळलं. बायको झाल्यावर घर कुणाचं असतं ते कळायच्या आत पिक्चर संपतो." डोंबिवलीचं घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. बाबांनी पेपर उचलला.

खरं सांगायचं तर आज बघताना सिनेमातले काही विनोद मलाही टोचतात. बायकी चाल म्हणजे हसायचंच, बाईवर कुणी डोळा ठेवला की हसायचं. अश्विनी भावेंची माधुरी दुकान चालवते, माणसं कामाला ठेवते. सिनेमातली तीच एक बाई स्वतःच्या पैशांवर उभी आहे, पण हे मला विसाव्यांदा की तिसाव्यांदा बघताना दिसलं. चौघांना लीलाबाईंची अट चुकीची आहे असं एकदाही वाटत नाही, हेही तेव्हाच दिसलं. ते अट मान्य करतात आणि साड्या आणतात. आम्हीही सेक्रेटरींशी भांडलो नव्हतो. "ठीक आहे काका" म्हणून खाली उतरलो होतो.

मधल्या काळात जुने सिनेमे थिएटरात पुन्हा लावायची लाट आली. राही अनिल बर्वेंचा २०१८ चा 'तुंबाड' सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. आम्ही तो ठाण्याच्या एका मॉलमध्ये पाहिला. हॉलमधल्या बऱ्याच जणांनी तो आधी फोनवर पाहिलेला होता, हे पुढच्या वाक्याआधी येणाऱ्या कुजबुजीवरून कळत होतं. छान वाटलं. पण ते 'बनवाबनवी'सारखं नव्हतं. तिथे सगळे तिकीट काढून, ठरवून, पहिल्या मिनिटाला हजर होते. फोनवरही तसंच होतं. मी कुठे थांबलो ते फोन लक्षात ठेवतो आणि बरोबर तिथूनच सुरू करतो. मधूनच कुठेतरी शिरायची सोय त्याने काढून घेतली. म्हणूनच बहुतेक 'बनवाबनवी' आता तुकड्यातुकड्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. स्टिकर होऊन, अर्ध्या मिनिटाच्या क्लिप होऊन. बतावणी परत सुटी झाली.

घर शेवटी जुलैत मिळालं. वागळे इस्टेटच्या मागच्या बाजूला, चौथा मजला, लिफ्ट आहे पण बऱ्याचदा बंद. मालक दुबईला असतात, त्यांना भाडं वेळेवर आलं की पुरे. सोसायटीने एक अट घातली, की महिन्यातून एकदा तरी कुणाचे तरी आई-वडील येऊन राहायला हवेत. म्हणजे बाबांना आता आमच्यासाठी 'फॅमिली' व्हावं लागतं. पहिल्या महिन्यात ते आणि आई शनिवारी आले. वायफाय लागलं नव्हतं. मित्राने फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, सिनेमा लावला आणि बोटाने पट्टी सरकवून कुठेतरी मध्यावर सोडली. पार्वती दारात उभी होती.

आईने डबा उघडला. बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले. पहिल्यापासून लाव, असं कुणीच म्हणालं नाही.